मदत हवी आहे: प्रवासासाठी एकच झूम लेन्स कोणती घ्यावी?

माझ्या कॅननच्या क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरच्या) डीएसएलआरवर सध्या १८-५५ मिमीची लेन्स आहे (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). समोरच्या कड्यावर बसलेला पक्षी त्यात ठिपक्याएवढा येतो, आणि धुळीत लेन्स बदलणं जिवावर येतं. म्हणून सगळ्याला चालेल अशी एकच, खिशाला परवडणारी लेन्स हवी आहे.

कॅननची १८-१३५ आयएस यूएसएम (आयएस म्हणजे स्टॅबिलायझर, यूएसएम म्हणजे फोकसची मोटर) की टॅमरॉनची १८-४००? ४०० चा मोह आहे खरा, पण वजन ७०० ग्रॅमच्या वर जातं आणि त्या टोकाला ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) एफ/६.३ वर येतं, म्हणजे उजेड कमी मिळतो. संध्याकाळच्या उजेडात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) किती चढवावा लागतो? स्टॅबिलायझर हाताची थरथर सावरेल, पळणारं पोर थोडंच थांबवणार! मला तर १८-१३५ च बरी वाटते.

सेकंडहँड घेतली तर बुरशी आणि झूम आपोआप घसरणं याखेरीज काय तपासावं? वापरलेल्यांनी कृपया सांगा.