अनुभव धागा : शाळेतला ओला कचरा शाळेतच का जिरवता?

पाच जूनला भाषण होतं, रोप लागतं, फोटो निघतो. खतखड्डा मात्र मोजक्याच शाळांत वर्षभर चालतो. तो कशाच्या जोरावर? ओला-सुका कचरा वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा नियमांपासून बंधनकारक आहेच, तेव्हा त्यापलीकडचं लिहा.

शिक्षिका, डिचोली
आमचं कारण कुत्री! माध्यान्ह आहारातली पातळ भाजी बादलीत ओतली जायची, पाव वर तरंगायचे, आणि फाटकाशी कुत्र्यांची जत्रा. बालवाडीची पोरं रडायची. पालकसभेत पर्यावरणाचं नावही निघालं नाही, सगळे कुत्र्यांवरच बोलले. शेवटी एका पालकांनी चिऱ्यांचे दोन कप्पे बांधून दिले, वर पत्रा. आता भाजीच्या प्रत्येक थरावर आंबा-फणसाच्या सुक्या पानांचा जाड थर घालतो. पानं एप्रिलमध्येच पोत्यांत भरून ठेवावी लागतात. जूननंतर गोव्यात सुकं मिळणार कुठून? मुलांचा जीव मात्र सळईत. कुजताना ढीग आतून तापतो, त्यात खुपसून ठेवलेली सळई बाहेर काढली की चटका बसण्याइतकी तापलेली असते. ती काढायची पाळी कोणाची, यावरून सहावी-सातवीत भांडणं.

बचत गटातली एक, सत्तरी
आहार आम्ही पुरवतो. शाळेने उरलेल्याचं वजन फळ्यावर लिहायला सुरुवात केली तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण कुठल्या दिवशी काय उरतं ते कळलं. आता त्या दिवशी कमीच शिजवतो.

पालक, मडगाव
२०१९ च्या मे महिन्यात आमच्या सोनसोडोच्या कचराडेपोतला कचरा पेटला. तो धूर ज्यांनी नाकात घेतला त्यांना पटवावं लागलं नाही. पण भीती किती वर्षं पुरणार? आज पहिलीत येणाऱ्या मुलांनी तो धूर पाहिलेलाच नाही.

पेडणे
सरस्वतीपूजनाची फुलं. निर्माल्य कचऱ्याच्या गाडीत टाकायला कोणाचा हात धजत नाही, खतात घालायला हरकत नसते.

निवृत्त मुख्याध्यापक, बार्देश
स्पर्धेत ढाल मिळाली, पुढच्याच वर्षी खड्ड्यात वेफर्सची पाकिटं. बक्षिसावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. मुख्याध्यापक बदलून जातात, शिपाई राहतो. आमच्या शिपायाला तयार खतातली दोन पोती घरच्या माडांना न्यायची मुभा दिली. त्यानंतर खड्ड्यात प्लास्टिक टाकायची कोणाची छाती झाली नाही, शिक्षकांचीसुद्धा.