खुब्याची झीज : शस्त्रक्रिया आधी की व्यायाम? वडिलांचे काम मांडी घालून करण्याचे आहे

तंबोऱ्याचे_घर (मिरज)

नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून तंबोरे आणि सतारी बनतात. वडील ६७ वर्षांचे आहेत. गेली दोन वर्षे त्यांच्या डाव्या जांघेत दुखते आणि ते दुखणे मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते, त्यामुळे पहिले सहा महिने आम्ही गुडघ्यावरच उपचार करत राहिलो. एक्स-रे काढल्यावर गुडघा ठीक असून खुबा झिजल्याचे कळले. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची वाटी यांच्यातील जागा जवळजवळ उरलेली नाही.

सांगलीतील अस्थिरोगतज्ज्ञांनी खुबा बदलून घेण्यास सांगितले आहे. मिरजेतील फिजिओथेरपिस्टांचे म्हणणे असे आहे की, आधी तीन महिने व्यायाम नीट करून पाहावा. दोघेही आपुलकीने बोलतात, म्हणूनच निर्णय अधिक कठीण झाला आहे.

वडिलांची खरी अडचण कामाच्या बैठकीची आहे. जवारी लावताना, म्हणजे ज्या घोडीवर तारा टेकतात ती नाद गुंजेपर्यंत घासताना, ते मांडी घालून बसतात, तंबोरा मांडीवर आडवा घेतात, घोडीवर कानस फिरवतात, तारेखाली दोरा सरकवून तार छेडतात, ऐकतात आणि पुन्हा कानस हातात घेतात. हे तासन्‌तास चालते. आता डावी मांडी जमिनीकडे टेकतच नाही, गुडघा वर राहतो आणि भोपळा घसरतो. दर पाच-सात मिनिटांनी त्यांना पाय लांब करावा लागतो. मोजा घालणे आणि पायाची नखे कापणे आता आईच करते. शस्त्रक्रियेनंतर त्यांना पुन्हा मांडी घालता येईल का, आणि व्यायामाने ती येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चालता_बोलता (फिजिओथेरपिस्ट, सातारा)

ताई, आपण लिहिलेली लक्षणे खुब्याच्या झिजेची नेमकी लक्षणे आहेत. या आजारात पाय आत वळवण्याची हालचाल सहसा सर्वांत आधी कमी होते. मोजा आणि नखांची अडचण पुढे आपोआप येते.

मी व्यायामाच्या बाजूची आहे, तरीही मला ठाऊक असलेली माहिती लपवणे योग्य होणार नाही. डेन्मार्क आणि नॉर्वे येथील एक अभ्यास २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. वयाची पन्नाशी गाठलेल्या आणि शस्त्रक्रियेला योग्य ठरलेल्या १०९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटासाठी खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली आणि दुसऱ्या गटासाठी बारा आठवडे देखरेखीखाली ताकदीचे व्यायाम. वेदना आणि रोजच्या हालचाली ४८ गुणांच्या मापावर मोजल्या. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाची सरासरी सुधारणा सुमारे १६ गुणांची होती, तर व्यायामाच्या गटाची साडेचार गुणांची. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

मात्र त्याच अभ्यासात व्यायामाच्या गटातील ५६ जणांपैकी १२ जणांनी सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजे उरलेल्यांनी तेवढा काळ तरी ती केली नव्हती. माझ्या मते वडिलांसाठी हीच गोष्ट अधिक मोलाची आहे, कारण व्यायामाचे तीन महिने वाया जात नाहीत. पुढे शस्त्रक्रिया झालीच, तरी नितंबाचे आणि मांडीचे स्नायू मजबूत असलेला रुग्ण लवकर सावरतो. व्यायाम म्हणजे शेक, मशीन आणि मालिश नव्हे. कुशीवर झोपून पाय वर उचलणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे या गोष्टी हळूहळू भार वाढवत, आठवड्यातून किमान दोनदा कोणाच्या तरी देखरेखीखाली व्हायला हव्यात. व्यायामाने वेदना आणि लंगडणे कमी होऊ शकते. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारे गुळगुळीत आवरण, मात्र परत येत नाही. त्यामुळे व्यायामाने पूर्वीसारखी मांडी घालून बसता येईल, असे आश्वासन मी देणार नाही.

विश्रामबाग_६२ (सांगली)

माझा उजवा खुबा २०१९ साली बदलला. मी शिक्षक होतो. तीन वर्षे गोळ्या खात दिवस ढकलले आणि त्या काळात उजवी मांडी डावीपेक्षा डोळ्यांना दिसण्याइतकी बारीक झाली. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मला वॉकर देऊन उभे केले. जांघेतील ती खोल, रात्री जागवणारी वेदना गेली होती. जखमेची वेदना होती, पण ती निराळी असते आणि दिवसागणिक कमी होत जाते.

माझी तक्रार एकच आहे. ज्या रुग्णालयात माझी शस्त्रक्रिया झाली, तेथे घरी सोडताना व्यायामाचा एक छापील कागद हातात देण्यात आला आणि तो कोणीही समजावून सांगितला नाही. दीड महिना मी फक्त घरात फिरत राहिलो आणि लंगडणे तसेच राहिले. नंतर फिजिओथेरपी सुरू केल्यावर ते गेले. म्हणून शस्त्रक्रिया ठरवताना पुढचे व्यायाम कोण करून घेणार, हे त्याच दिवशी विचारून ठेवावे.

मांडी घालण्याविषयी सांगायचे तर मला जमिनीवर बसू नका असेच सांगितले गेले आणि मी ते पाळतो. गणपती मंदिरात गेल्यावर मी खुर्चीवर बसतो. घरी उंच कमोड बसवला आहे. खर्चाचा प्रश्न असल्यास रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटावे. योजनेतील रुग्णालयांत तो असतो.

अस्थिविचार (अस्थिरोगतज्ज्ञ, कराड)

दोन गोष्टींची भर घालतो. पहिली अशी की, हे दुखणे झिजेचेच आहे, की रक्तपुरवठा कमी होऊन गोळा खचत चालला आहे, याची खात्री करून घ्यावी. आपल्याकडे स्टिरॉइड्स किंवा मद्य यांमुळे गोळा खचलेले रुग्ण बरेच दिसतात आणि त्यांचा मार्ग वेगळा असतो. झीज निश्चित असेल, तर घाईचे कारण नाही. तीन महिने थांबल्याने शस्त्रक्रिया सहसा अवघड होत नाही. मात्र पाय आखडत चालला असेल, रात्रीची झोप जात असेल किंवा घराबाहेर पडणे बंद झाले असेल, तर फार काळ ढकलू नये.

दुसरी गोष्ट कृत्रिम सांध्याच्या आयुष्याची. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली रूढ केलेल्या पद्धतीपासून आजपर्यंत ही शस्त्रक्रिया खूप सुधारली आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. वडिलांच्या वयात एक सांधा आयुष्यभर पुरण्याची शक्यता बरीच आहे. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गाठ होणे, सांधा निखळणे आणि दोन पायांच्या लांबीत फरक पडणे हे धोके कमी असले, तरी खरे आहेत. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.

मांडी घालू देण्याबाबत शल्यचिकित्सकांची मते वेगवेगळी आहेत. खुब्यात कोणत्या बाजूने प्रवेश केला आणि सांधा किती स्थिर बसला, यावर ते ठरते. सुरुवातीचे काही आठवडे तर खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नये, असेच बहुतेकांना सांगितले जाते. त्यामुळे ‘तंबोरा मांडीवर घेऊन बसता येईल का’ हा प्रश्न आपल्याच डॉक्टरांना याच शब्दांत विचारावा. ‘सगळे करता येईल’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

तंबोऱ्याचे_घर (मिरज)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालच आम्ही एक रुंद, उंच बाक करून त्यावर गोधडी घातली, तंबोरा आडवा ठेवला आणि वडील स्टुलावर बसले. कानस चालते, पण मांडीवर भोपळा नसल्याने नाद अंगात उतरत नाही, असे ते म्हणाले. तरीही त्यांनी सलग पाऊण तास काम केले. सोमवारपासून व्यायाम सुरू करत आहोत आणि तीन महिन्यांनी सांगलीच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवू. तोपर्यंत काठी वापरायची तर ती कोणत्या हातात धरावी? दुखणारी बाजू डावी आहे.

चालता_बोलता (फिजिओथेरपिस्ट, सातारा)

काठी उजव्या हातात धरावी. एका पायावर भार येतो, तेव्हा त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब पडतो. विरुद्ध हातातील काठी तो बराच कमी करते. डावा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकावी. हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. ती त्याहून उंच असेल, तर सुताराकडून खालून कापून घ्यावी आणि टोकाला रबर बसवावे.