सँड्रा श्मर्लर आणि कर्लिंग: नववीच्या मुलांना कसं समजावायचं?

खानापूर_पीटी
नमस्कार. क्रीडादिनाला आमच्या मराठी हायस्कुलात नववीसमोर एका जगज्जेत्या खेळाडूवर पाऊण तास बोलायचं असतं. यंदा कॅनडाची कर्लिंगपटू सँड्रा श्मर्लर घेतलीय. पण बर्फावरून जड दगड लक्ष्याकडं सरकवायचा हा खेळ खानापुरात कुणी बघितलेला नाही. नुसती पदकं वाचून दाखवली तर पोरं जांभया देतील. ती नेमकी कशात भारी होती? 1997 च्या ज्या शॉटबद्दल सगळे लिहितात, तो काय होता? आणि हॉलमधे काही करून दाखवता येईल का? फरशी शहाबादी आहे, बऱ्यापैकी घासलेली.

टिळकवाडीकर
सर, आधी अंतर डोळ्यांसमोर आणा. पाय रोवायला मागं रबरी आधार असतो, त्याला हॅक म्हणतात. तिथून खेळाडू दगडाबरोबर घसरत पुढं येतो आणि जवळच्या हॉग रेषेला (बर्फावर आखलेली आडवी रेषा) पोचायच्या आत दगडावरचा दांडा सोडतो. या रेषेपासून पलीकडची हॉग रेषा 21.95 मीटर, तिथून लक्ष्याचा मध्य आणखी 6.40 मीटर. म्हणजे हात सुटल्यावर दगड 28 मीटरांच्या वर एकटा जातो. क्रिकेटची खेळपट्टी 20.12 मीटर, मुलांना त्याच मापानं सांगा. दगडाचं वजन 17.24 ते 19.96 किलो.

लक्ष्याचं मोठं वर्तुळ 3.66 मीटर व्यासाचं. संघात चौघी, प्रत्येकीला दोन दगड, दोन्ही संघांचे मिळून 16 झाले की एक एंड संपला. गुण एकाच संघाला मिळतात: समोरच्यांच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षाही आत आपले जितके, तितके गुण. हे फळ्यावर चार-पाच वेळा मांडून दाखवा. हे पक्कं झाल्याशिवाय तो शॉट कळणार नाही.

आता शॉट. नोव्हेंबर 1997, कॅनडातलं ब्रँडन शहर. नागानो ऑलिंपिकला कॅनडाचा कुठला संघ जाणार, हे ठरवणारा अंतिम सामना. समोर शॅनन क्लायब्रिंकचा संघ. सातव्या एंडला श्मर्लरच्या हातात शेवटचा दगड होता आणि आत मोजणीत क्लायब्रिंकचा दगड बसलेला. श्मर्लरनं आपला दगड बाहेरच्या एका दगडाला चाटवला, तो तिथून आत वळला आणि तो मोजणीतला दगड उडवून गेला. एका फटक्यात 3 गुण. कॅरम खेळणाऱ्याला कट म्हटलं की लगेच कळेल. पण यात दोन्हीकडून मरण आहे. जाड लागला तर दगडाचा जोर तिथंच संपतो, नुसता चाटला तर वळण कमी पडून बाजूनं निघून जातो. आणि फसला असता तर गुण समोरच्यांचे. माझ्या मते पाऊण तासातली दहा मिनिटं या एकाच दगडाला द्या.

शहापूर_वाचक
वरच्यात एक भर. नाव सँड्राचं होतं, पण खेळ चौघींचा. मार्सिया गुडेराइट पहिली, जोन मॅककस्कर दुसरी, जॅन बेटकर तिसरी, शेवटचे दोन दगड स्किप, म्हणजे कर्णधार, म्हणून सँड्राचे. याच चौघींनी 1993, 1994 आणि 1997 ला कॅनडाचं आणि त्याच वर्षी जगाचंही विजेतेपद मिळवलं. मुलं विचारतील की एक दगड टाकते, मग बाकीच्या झाडू घेऊन काय करतात? बर्फ गुळगुळीत नसतो. त्यावर पाण्याचे थेंब फवारून बारीक दाणे गोठवलेले असतात. घासलं की त्यांचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. कचरा काढणं नव्हे ते. स्किप पलीकडून ओरडून सांगते, घासा किंवा थांबा. शेवटचे काही मीटर त्या ओरडण्यावर ठरतात. स्किप स्वतः दगड टाकायला गेली की झाडू घेऊन लक्ष्यापाशी तिसरी उभी राहते, म्हणजे ब्रँडनला तिथं बेटकर.

जीवनपट थोडक्यात सांगा. जन्म 11 जून 1963, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातलं बिगर हे लहान गाव. पुढं रिजायना शहरात नोकरी सांभाळून खेळ. सप्टेंबर 1997 मधे पहिली मुलगी झाली आणि नोव्हेंबरमधे तो शॉट, हा क्रम मुलींना आवर्जून सांगा. नागानोला उपांत्य सामन्यात ब्रिटनवर जादा एंडला 6-5, अंतिम सामन्यात डेन्मार्कवर 7-5. महिला कर्लिंगचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. कर्करोगानं 2 मार्च 2000 ला गेली, अवघी 36 वर्षांची. तिच्या नावाची संस्था आजारी नवजात बाळांच्या उपचारासाठी रुग्णालयांना मदत करते.

निपाणीचा_कॅरमवाला
हॉलमधे करता येतंय की. किलोभर मापाचे आठ स्टीलचे डबे घ्या, वाळू गच्च भरा, झाकणाला टेप मारा. वाळू आत हलली की डबा वाकडा जातो. तळाला जुन्या घोंगडीचा गोल तुकडा चिकटवा, कडेच्या बाहेर येऊ देऊ नका. खडूनं 6, 4 आणि 2 फूट व्यासाची वर्तुळं काढा, खरी वर्तुळं याच्या दुप्पट असतात. सोडायची रेषा 30 फुटांवर. कॅरमची पावडर अगदी चिमटीनं. जास्त झाली तर सगळे डबे भिंतीला जाऊन लागतात आणि कुणी पाय घसरून पडेल. फरशीचे सांधे वर आलेले असतील तिथं पट्टा आखू नका. आधी नुसतं वर्तुळात थांबवायला लावा, उडवाउडवी नंतर.

खानापूर_पीटी
सगळ्यांचे आभार. दोन डबे करून बघितले. वजनाचा, म्हणजे डबा किती जोरानं सोडायचा याचा, अंदाज छान येतोय, पण घड्याळाच्या दिशेनं फिरवून सोडला की डबा डावीकडं वळतोय. कर्लिंगचा दगड उजवीकडं वळतो असं वाचलंय. माझं चुकतंय कुठं?

टिळकवाडीकर
काही चुकत नाही, सर. फरशीवर घासताना डबा पुढं झुकतो, पुढची कड जास्त दाबली जाते. घड्याळाच्या दिशेनं फिरताना ती कड उजवीकडं सरकत असते, म्हणून घर्षण डबा डावीकडं ढकलतं. टेबलावर उलटा ग्लास सरकवला तरी हेच. बर्फावर उलटं होतं. दगडाचा तळ खोलगट असतो, टेकतं ते फक्त काही मिलिमीटर रुंदीचं कडं, आणि वळण फिरकीच्याच दिशेला. कड्याच्या खडबडीनं बर्फाच्या दाण्यांवर ओरखडे पडतात आणि मागची बाजू त्यांच्या मागं जाते, हे एक स्पष्टीकरण. शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत नाही. तेव्हा डबे वजन आणि कट शिकवायला वापरा, फिरकी न देता. वळणाची दिशा फळ्यावर बाणानं दाखवा.