येऊ दे, येऊ दे... बास! : अरुंद गॅरेजात गाडी घालायचे अनुभव

कृष्णाकाठ

काल रात्री इथे बर्मिंगहॅमला पाऊस, आणि नवऱ्याने कित्येक वर्षं मनात धरलेली माझदा मियाटा, छप्पर उघडणारी दोन सीटांची गाडी, एकदाची घरी आली. मी गॅरेजात मागच्या भिंतीपाशी टॉर्च घेऊन उभी, तो रिव्हर्समध्ये, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" हे शब्द माझे नव्हतेच, माझ्या आईचे होते. एकदम साताऱ्याच्या घरासमोर जाऊन उभी राहिले मी.

बाबांची फियाट होती. गॅरेज म्हणजे घर आणि कंपाउंडच्या मधली बोळ, वर पत्रे टाकलेले. आम्ही सगळे गेटपाशी उतरायचो, पिशव्या काढायच्या, आई मागे जाऊन उभी राहायची आणि बाबा फक्त तिच्या आवाजावर गाडी आत घ्यायचे. दार वीतभर उघडायचं. दाराची कडा जिथे भिंतीला लागायची तिथे बाबांनी काथ्याचं पायपुसणं खिळे ठोकून बसवलं होतं. फियाट विकली, बाबा गेले, पण ते पायपुसणं अजून भिंतीवर आहे.

आमचं हे घर १९३० च्या दशकातलं. जवळच लाँगब्रिजला तेव्हा ऑस्टिन सेव्हन बनायची, ती जेमतेम १.१७ मीटर रुंद. त्या काळच्या माणसाला हे गॅरेज ऐसपैस वाटलं असणार. मियाटा १.७३५ मीटर, तीही आरसे सोडून. आमच्या गॅरेजचं दार २.०८ आणि आतून २.२५. डावीकडे भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून लावली की उजवीकडे ४१ सेंटिमीटर राहतात, त्यातून सहा फुटी माणसाने बाहेर यायचं. कोरडी हवा असली की छप्पर बाहेरच उघडायचं आणि आत गेल्यावर वरून बाहेर यायचं, असं ठरवलंय. पावसात काय करायचं ते अजून जमलेलं नाही.

तुमचेही अनुभव लिहा ना. गाडी कुठलीही चालेल.

खांबाशेजारी

थांब थांब, १७३५ म्हणालीस? अगं माझी स्विफ्टसुद्धा १७३५ मिलिमीटरच आहे!! म्हणजे तुझी स्पोर्ट्स कार आणि माझी कोथरूडची स्विफ्ट रुंदीला सख्ख्या बहिणी.

फरक दाराचा असणार. दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात, तेवढंच उघडलं तरी बाहेर यायला फट कमी मिळते, आणि बसायला इतकी खाली की आधी पाय बाहेर काढून मग उठावं लागतं. स्विफ्टमधून आपण आडवं सरकून सटकतो.

आमचं पार्किंग नकाशावर अडीच बाय पाच मीटर, पण ड्रायव्हरच्या दारासमोर बरोब्बर खांब. बिल्डरला सांगून सांगून थकलो. शेवटी गाडी एक हात पुढे नेऊन दार खांबाच्या अलीकडे उघडेल अशी उभी करतो, मग नाक बाहेर राहतं आणि वॉचमन रोज शिट्टी मारतो.

आठवणींचा_डबा

तो पायपुसण्याचा फोटो टाक गं

योकोहामाकर

इथे जपानमध्ये गाडी नावावर व्हायच्या आधी जागा दाखवावी लागते. नकाशा काढून मापं लिहून पोलीस स्टेशनात द्यायचा, जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी, मग दाखला मिळतो. केई गाड्यांना, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मापातल्या छोट्या गाड्यांना, थोडी सूट आहे पण जागा शोधणं कुणाला चुकलेलं नाही. त्यामुळे इथले लोक आधी टेप घेऊन गॅरेज मोजतात आणि मग शोरूमला जातात, मला ही सवय फार आवडली.

मी कोपेन घेतली, डायहात्सूची. केई म्हणून रुंदी १४७५, कायद्याने १४८० च्या वर जाताच येत नाही. इंजिन ६६० सीसी पण छप्पर उघडून समुद्राच्या कडेने गेलं की विचारू नका. गॅरेजात मात्र फसलो होतो. छप्पर धातूचं, बटण दाबलं की उचलून मागे डिकीत जातं, आणि जाताना डिकीचं झाकण बरंच वर उठतं. माझ्या गॅरेजला मागे फळी होती. मापात मी लांबी रुंदी घेतली, झाकणाची उंची घेतलीच नाही. फळी उतरवली, आता वरचे डबे बायकोच्या कपाटात आहेत आणि तो विषय अजून चालू आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या मियाटाचं छप्पर कापडी आहे का? मग हाताने एका झटक्यात मागे टाकता येतं, आत लावल्यावरही उघडून बघा.

कृष्णाकाठ

हो कापडीच. आत लावून मग उघडायचं, हे सुचलंच नव्हतं हो! सीट भिजायचं कारणच नाही मग. आज करून बघतो.

आणि पायपुसण्याचा फोटो भावाला मागितलाय.

नाशिकचा_भाचा

रुंदीचं ठीक आहे हो, आमचा प्रॉब्लेम उताराचा. आत्तेभावाने पोर्शची ७१८ बॉक्स्टर घेतली, बंगला जुना, गेटमधून आत आलं की रस्त्याला गटाराची फरशी, मग चढ, मग गॅरेजचा उंबरा. पहिल्या दिवशी पुढचा बंपर खालून खर्रर्र. आत्या देवघरातून बाहेर धावत आली. गाडीची पूजा व्हायची होती अजून.

मग आम्ही दोघांनी सागाच्या जुन्या दाराच्या फळ्या कापून दोन लांब पट्ट्या केल्या, चढ सुरू होतो तिथे टाकायच्या म्हणजे चढण सौम्य होते. आणि सरळ न जाता तिरकं जायचं, एक चाक आधी चढवायचं मग दुसरं. पण तिरकं जायला रुंदी लागते आणि गाडी १८०१ मिलिमीटर, गेटचे दगडी खांब दोन्हीकडून टपलेले. शेवटी एक खांब पाडून नऊ इंच बाजूला नवा बांधला. आजोबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला खांब होता, पाडताना आत्या घरात बसून होती. नव्या खांबात वरचा दगड जुनाच बसवला, तिला ते फार बरं वाटलं.

अजून एक, बॉक्स्टरला इंजिन मध्ये असल्याने डिकी पुढे पण आहे आणि मागे पण. भिंतीला चिकटवून लावली तर मागची उघडत नाही. भावाची भाजीची पिशवी पुढच्या डिकीत असते.

मिरचीकोथिंबीर

पोर्शच्या पुढच्या डिकीत मेथीची जुडी, डोळ्यासमोर आलं आणि दिवस छान गेला माझा

म्हापशाचो_भुरगो

मामाकडे सॅन स्टॉर्म होती, आठवते का कुणाला? आमच्या गोव्यातच बनायची, दोन सीटांची, रेनोचं ११४९ सीसी इंजिन, बॉडी फायबरची. लाल. गावात ती बाहेर काढली की पोरं मागे धावायची, मी त्यातला एक.

ठेवायची जागा म्हणजे आजोबांची नारळाची खोली. चिऱ्याच्या भिंती, हातभर जाड. गाडी जायची पण उजव्या बाजूचा आरसा भिंतीला लागायचा. फायबर म्हणजे पत्र्यासारखा पोचा येत नाही, सरळ तडा जातो, म्हणून मामा फार जपायचा. त्याने गवंड्याला बोलावून आरशाच्या उंचीवर भिंतीत कोनाडा खोदून घेतला!! आरसा बरोब्बर त्यात जायचा. चिरा मऊ म्हणून जमलं, काळ्या दगडात नसतं झालं. आता गाडी नाही. मामी त्या कोनाड्यात दिवाळीला पणती ठेवते, आणि नारळ परत खोलीत आले.

खांबाशेजारी

कोनाडा!!! माझ्या खांबाला करता येईल का असा विचार करतोय, कॉलम आहे म्हणा, स्ट्रक्चरल इंजिनियर मारेल

एडिसनची_सून

आमच्याकडे दोन गाड्यांचं गॅरेज आहे आणि त्यात एकही गाडी नाही. तांदळाची पोती, डीप फ्रीजर, मुलांच्या लहानपणच्या सायकली, भारतात न्यायच्या बॅगा, आणि गणपतीचं मखर. गाड्या बाहेर बर्फात. पण मखर मी हलवणार नाही, सासऱ्यांनी बनवलंय.

डॉ_पावसाळी

एक काळजीने सांगते. कोपऱ्यात हळूहळू गाडी बसवताना पुढे मागे बराच वेळ जातो, इंजिन चालू असतं, आणि थंडीपावसात लोक गॅरेजचं दार आधीच ओढून घेतात. कृपा करून असं करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं दमणूक आहे. मागे भिंतीपाशी टॉर्च घेऊन उभं राहणारं माणूस तर सायलेन्सरच्या अगदी समोर असतं. कृष्णाकाठ, तुम्ही बाजूला उभ्या राहा, आणि गाडी आणि भिंतीच्या मध्ये तर कधीच नको, क्लचवरचा पाय एकदा घसरला तरी पुरे.

कृष्णाकाठ

डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. आई वर्षानुवर्षं तशीच उभी राहायची. आजपासून मी बाहेर उभी राहणार. मागच्या भिंतीला काहीतरी खूण हवी मग.

हातोडी_पक्कड

खुणेसाठी सोपा उपाय: छताला दोरीने टेनिसचा बॉल टांगा. गाडी एकदा मनासारखी लावून घ्या, बॉल मागच्या काचेच्या मधोमध टेकेल असा बांधा. मग कुणी मागे उभं राहायला नको. भिंतीला दाराच्या उंचीवर जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या चिकटवा, तुमच्या बाबांच्या पायपुसण्याचंच काम. आणि ज्या भिंतीला चिकटवून लावायची तिथे जमिनीवर लाकडाची पट्टी बोल्टने बसवा, टायर पट्टीला घासला की थांबायचं, बॉडी लांब राहते.

रिव्हर्समध्येच घालत जा. रिव्हर्स घालताना वळणारी चाकं बाहेरच्या टोकाला असतात त्यामुळे तोंड शेवटपर्यंत फिरवता येतं, पुढून घातली तर मागचा भाग आतून कापत येतो आणि चौकटीला लागतो. समोरची गल्ली अरुंद असेल तर फारच फरक पडतो.

मिरचीकोथिंबीर

गाडी लावली की उंदरांचं काय करता? आमच्या वॅगनारच्या वायरी दोनदा खाल्ल्या

एडिसनची_सून

इथे वायरी खारी खातात

नाशिकचा_भाचा

आत्या तंबाखूची पानं पुरचुंडीत बांधून बॉनेटखाली ठेवते. पंधरा दिवसांनी बदलायची. गरम भागापासून लांब ठेवा मात्र.

मिरचीकोथिंबीर

मी हिंग लावून बघितला, उंदीर गेले पण नवरा म्हणाला गाडीला फोडणीचा वास येतो

अबोली_६२

मी कधी लिहीत नाही, वाचते फक्त. आमचे हे गेल्यावर गाडी गॅरेजात तशीच होती दोन वर्षं. गॅरेज इतकं अरुंद की घालणं काढणं फक्त ह्यांनाच जमायचं, मी लायसन असून कधी हात लावला नव्हता. मुलगा म्हणाला विकून टाकू. मी शेजारच्या मुलीला बोलावलं, रोज पहाटे साडेपाचला गल्लीत कुणी नसताना शिकले. नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी एकटीने बाहेर काढली आणि भाजी घेऊन आले. डाव्या दारावर दोन ओरखडे आहेत, ते मी रंगवून घेतले नाहीत.

योकोहामाकर

अबोलीताई, फार छान वाटलं. लिहीत जा हो.

कृष्णाकाठ

अबोलीताई, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या पुन्हा वाच म्हणाल्या.

आजचा रिपोर्ट: आत लावून छप्पर मागे टाकलं, जमलं! नवरा सीटवर उभा राहून मागच्या बाजूने उतरला. बॉल अजून आणायचाय. आईला व्हिडिओ कॉल लावला होता, तिने साताऱ्याहून फोनमधून सांगितलं येऊ दे येऊ दे, पण आवाज दोन सेकंद उशिरा येत होता, तिचं बास यायच्या आत गाडी टायर पट्टीला लागली होती. हो, पट्टी बसवली, हातोडी_पक्कड, थँक्यू.

भावाने फोटो पाठवलाय, खाली टाकते. पायपुसण्यावर पूर्वी सुस्वागतम लिहिलेलं होतं, आता नुसतं "गतम" उरलंय.

आठवणींचा_डबा

आमच्याकडे अस्संच होतं, हिरवी किनार असलेलं!

मिरचीकोथिंबीर

तंबाखूची पानं पुण्यात कुठे मिळतील? मंडईत विचारू का

खांबाशेजारी

रविवार पेठेत बघ, सकाळी जा, गाडी घेऊन जाऊ नकोस