टेहाचपीचे वेटोळे गॅरेजमध्ये: एचओ की एन स्केल?

फ्रीमाँटकर:
नमस्कार. गॅरेजची एक बाजू, १० बाय १२ फुटांची, रिकामी झाली असून तेथे कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड ते मोहावे या घाटमार्गावर आधारित मॉडेल रेल्वेचा लेआउट उभारण्याचा विचार आहे. काळ १९५२च्या पूर्वार्धाचा, म्हणजे २१ जुलैच्या भूकंपाने तेथील बोगदे मोडण्याआधीचा, ठरवला आहे. कारण तेव्हा सदर्न पॅसिफिक कंपनीची, चालकाची केबिन पुढे असलेली वाफेची इंजिने आणि सांता फे कंपनीची डिझेल इंजिने एकाच रुळावरून धावत असत. माझ्याजवळ एचओ मापाचे (एनपेक्षा मोठे) आठ-दहा डबे आहेत, म्हणून एचओमध्येच राहावेसे वाटते. मात्र या घाटातील टेहाचपीच्या वेटोळ्यावर, जेथे रूळ गोल फिरून स्वतःवरूनच जातो, गाडी स्वतःच्याच शेपटावरून जाताना दिसणार नसेल, तर एवढा खटाटोप कशासाठी, असे पत्नीचे म्हणणे आहे आणि ते मलाही पटते.

रूळवेडा:
आधी मोजमाप पाहू. मूळ वेटोळे ३,७७९ फूट लांब असून तेवढ्यात रूळ ७७ फूट वर चढतो. ते तंतोतंत उतरवायचे, तर एचओमध्ये (१:८७) त्याचा व्यास चार मीटरच्या वर जाईल, म्हणजे आपल्या खोलीबाहेर. आणि एनमध्येही (१:१६०) सुमारे २.३ मीटर. तेव्हा आक्रसणे अटळ आहे, प्रश्न किती एवढाच. एनमध्ये ४५ सें.मी. त्रिज्या घेतली, तर एका फेऱ्यात २.८ मीटर रूळ बसतो आणि दोन टक्के चढाने साडेपाच सें.मी. उंची मिळते. पुलाचा तळ पातळ ठेवला, तर खालून गाडी जाण्यास ती पुरते. एचओमध्ये त्यासाठी नऊ-दहा सें.मी. लागतात, म्हणजे त्रिज्या ७५ सें.मी.च्या आसपास, वेटोळे बसेल, पण खोलीत दुसरे फारसे काही मावणार नाही. एनमधील चाळीस फुटी वाघीण (मालडबा) जोडणीसह सुमारे साडेआठ सें.मी. भरते, त्यामुळे चार डिझेल इंजिने आणि तीस वाघिणी जोडल्या की तोंड शेपटावर येते. एचओचे डबे काचेच्या कपाटात शोभतील.

बँकर_कर्जत:
वरील गणित बरोबर आहे, पण तीस वाघिणी अरुंद वळणावर केवळ पुढून ओढल्या, तर मधल्या हलक्या वाघिणी आतल्या बाजूला कलंडतात. माझ्याकडे हे बोगद्यात घडले. डोंगर प्लास्टरचा आणि कायमचा बसवलेला असल्याने कोपरापर्यंत हात घालून चाचपडत चार वाघिणी काढल्या, पाचवीसाठी मात्र डोंगर करवतीने कापावा लागला. म्हणून डोंगर उचलून काढता येईल असाच करावा. अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एन वाघिणीचे वजन अर्धा औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे ०.१५ औंस असावे; चाळीस फुटी वाघिणीला ते जवळजवळ २८ ग्रॅम येते. शिवाय आपल्या बोरघाटात बँकर लागतात, तशी त्या घाटातही मदतीची इंजिने गाडीच्या मध्ये किंवा मागे जोडत. डीसीसीवर (प्रत्येक इंजिन वेगळे चालवू देणाऱ्या डिजिटल नियंत्रणावर) त्यांचा वेग पुढच्या इंजिनांशी आधी जुळवून घ्यावा, नाहीतर मागचे इंजिन ढकलूनच गाडी पाडते.

साइडिंगप्रेमी:
माझे मत थोडे वेगळे आहे. वेटोळे पाहुण्यांना दाखवण्यापुरते ठीक, पण गाडी कुठून आली आणि कुठे चालली, हे ठरल्याशिवाय महिन्याभरात कंटाळा येतो. खाली बेकर्सफील्ड आणि मोहावे यांच्यासाठी नजरेआड दोन यार्डे ठेवावीत. गाडीची लांबी खरे तर तीच ठरवतात: तीन मीटरची गाडी आणि पुढे सांध्यांना (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जोडांना) लागणारे साठ सें.मी. मिळून आपली १२ फुटी भिंत जवळजवळ संपते. वर मोनोलिथच्या सिमेंट कारखान्याची एक साइडिंग (मुख्य मार्गातून फुटणारा बाजूचा रूळ) घ्यावी, म्हणजे लहान मालगाडीला वाघिणी सोडण्या-उचलण्याचे काम मिळेल. सॅन वाकीन खोऱ्यातील फळे-भाज्या नेणाऱ्या पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसच्या नारिंगी शीतवाघिणी तर हव्यातच.

फ्रीमाँटकर:
सर्वांचे आभार. एन स्केल नक्की केले. काल पुठ्ठ्याचे ९० सें.मी. व्यासाचे वर्तुळ कापून नियोजित जागी ठेवले, तेव्हा शेजारी उभ्या मोटारीचे दार त्यावर आपटते असे दिसले. वर्तुळ एक फूट भिंतीकडे सरकवल्यावर दार उघडते. तो एक फूट आता मोनोलिथच्या साइडिंगमधून कापावा लागेल.