एम-पेसा : संशोधनाचं यश की लोकांच्या जुगाडाचं?

मधू_पूर्वी_नैरोबी
ओळखीचे एक प्राध्यापक 'आफ्रिकेच्या विकासासाठी माहिती तंत्रज्ञान' अशा विषयावरच्या परिषदेला निघालेत. मी विचारलं, तिथं नक्की कुणाचं काय अडलंय? म्हणाले, "ते गेल्यावर बघू." त्यावरून हा धागा.

नैरोबीत चार वर्षं काढल्यावर माझं मत झालंय की तिकडे जे टिकलं ते बाहेरून नेलेल्या आराखड्याची लोकांनी मोडतोड केली म्हणून टिकलं. एम-पेसाच घ्या, म्हणजे केनियातली मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा. २००५ मध्ये चाचणी झाली ती छोट्या कर्जाचे हप्ते फोनवरून फेडता यावेत म्हणून. लोकांनी भलतंच सुरू केलं. एकमेकांना पैसे पाठवले, प्रवासाला निघताना रोकड भरली आणि पोचल्यावर काढून घेतली. हप्ते राहिले बाजूला. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या तिथल्या फोनकंपनीने सेवा बाजारात आणली ती 'घरी पैसे पाठवा' एवढंच सांगत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एजंटची हिरवी टपरी होती. जाळीआड एक मुलगी. ओळखपत्र दाखवायचं, ती जाड वहीत नंबर उतरवून घेणार, आपण सही करायची, दोघांच्या फोनवर मेसेज वाजला की काम झालं. बटणांचा फोन चालतो, इंटरनेट लागत नाही. पगाराच्या दिवसांत ती हमखास हात वर करायची, "फ्लोट संपला!" म्हणजे तिच्या खात्यातला डिजिटल पैसा संपला, कारण जो तो भरायलाच आलेला. गावाकडच्या एजंटचं उलटं, तिथं नोटा संपतात. मुंबईच्या मनीऑर्डरीवर चाललेलं कोकण ज्यांनी पाहिलंय त्यांना याहून जास्त सांगायला नको.

तिरकस
मोडतोड वगैरे ऐकायला छान. पण मोडायला वस्तू आणली कुणी? ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने सुमारे दहा लाख पौंड दिले, व्होडाफोनने जोड दिली. सर्व्हर २०१५ पर्यंत जर्मनीत होते. सफारीकॉमचे ४०% समभाग बरीच वर्षं व्होडाफोन गटाचे होते. जाळीआडच्या मुलीवर कविता करा, हरकत नाही. नफा कुठं जातो तेही लिहा.

आणि पुढचा अध्याय गाळलात. २०१२ मध्ये त्याच फोनवर एम-श्वारी नावाने कर्ज आलं, ३० दिवसांना ७.५% शुल्क. वर्षाचं गणित मांडा. मग कर्जाच्या ॲपची जत्रा भरली, हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने त्यांना परवान्याच्या चौकटीत आणलं ते २०२२ मध्ये. म्हणजे हप्त्यांसाठी निघालेली गाडी फिरून हप्त्यांवरच आली.

मधू_पूर्वी_नैरोबी
नफ्याचं मान्य. केनिया सरकारचाही ३५% हिस्सा होता, तेवढं तुम्ही सोयीने विसरलात. पण सूरी आणि जॅक या अर्थतज्ज्ञांचा २०१६ चा अभ्यास 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलाय : एम-पेसामुळे १,९४,००० कुटुंबं अतिगरिबीतून वर आली, त्यातही बाईच्या जिवावर चालणाऱ्या घरांना फायदा जास्त.

तिरकस
आणि २०१९ मध्ये त्याच अभ्यासावर सडकून टीका झालीय, तीही वाचा. कर्जाचा बोजा हिशेबात नाही, बुडालेले धंदे हिशेबात नाहीत. भाजीवालीने टपरी टाकली की ती गरिबीतून सुटली? शेजारी आणखी चार टपऱ्या पडतात, गिऱ्हाईक तेवढंच.

कंपायलर
तुम्ही दोघंही पैशातच अडकलात. संशोधन कुणाचं हेच विचारायचं तर मासाखाने बघा. २०१९ पासून चाललेला गट, नाव झुलू भाषेतलं, अर्थ साधारण 'आपण मिळून बांधू'. आफ्रिकी भाषांसाठी यांत्रिक भाषांतर, आणि करणारे त्याच भाषा बोलणारे. प्रयोगशाळा एका छताखाली नाही, देशोदेशी विखुरलेली माणसं. सुरुवातीला त्यांच्याकडे यंत्राला शिकवायला बऱ्याच भाषांसाठी मोठा मजकूर होता तो एका ख्रिस्ती पंथाच्या संकेतस्थळावरचा. त्यामुळे यंत्राला धर्मोपदेश फर्मास यायचा आणि बाजारहाट जमायची नाही. शिवाय त्या मजकुराच्या हक्काचा प्रश्न आला. मग माणसांनी बसून बातम्यांची भाषांतरं केली. कंटाळवाणं काम आहे हो, मी मराठीसाठी थोडं केलंय. एका वाक्यावर तिघांचं एकमत होत नाही, 'पिशवी' की 'थैली' यावर अर्धा तास जातो.

तिरकस
हे आवडलं. पण त्याच नैरोबीत तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीवर चॅटजीपीटीसाठी किळसवाणा मजकूर वाचून वेगळा काढायचं काम माणसांकडून करून घेतलं. २०२३ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने छापलं. ती मजुरी कुठल्या नवोन्मेषात धरायची?

वालावलची_वहिनी
मध्येच बोलते. व्होडाफोनने एम-पेसा आपल्याकडेही आणलं होतं, २०१३ मध्ये. २०१९ ला गुंडाळलं. आमच्या बाजारात एका दुकानावर पाटी होती, दुकानदारालाच वापरता येत नव्हतं! आपल्याकडे नियम निराळे, पुढे यूपीआय आलं, आणि मनीऑर्डरीच्या जागी बँकेचं खातं मुलांनी आधीच उघडून दिलेलं. केनियाची कळ इथं बसली नाही. मग केनियाचं बघून अख्ख्या आफ्रिकेवर कसं बोलता तुम्ही? पन्नासहून जास्त देश आहेत तिथं.

मधू_पूर्वी_नैरोबी
वहिनी, बरोबर पकडलंत. धाग्याचं नाव 'केनिया' पुरतं ठेवायला हवं होतं. तिरकस यांचा कर्जाचा मुद्दाही मी हलकाच घेतला होता. आमच्या घरी येणारी बाई एका ॲपचे पैसे फेडायला दुसरं ॲप उघडायची, ते तेव्हा मला तिचं हुशारपण वाटलं होतं.

धागा प्राध्यापकांना पाठवला. उत्तर आलं : "परिषद कंपालाला आहे, नैरोबीला नव्हे."

तिरकस
कंपाला म्हणजे युगांडा. तिथं एमटीएन या फोनकंपनीची अशीच पैसे पाठवायची सेवा २००९ पासून आहे. त्यांना सांगा, टपरी पिवळी असते.