दोन दांड्यांच्या मीटरवर विसंबू नका

एकानं विचारलंय, की मातीचा पीएच (ती किती आम्ल वा अल्कली आहे, ते) मोजणारा दोन दांड्यांचा बिनबॅटरीचा मीटर परसात कुठंही खुपसला तरी ७ च, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, दाखवतो, मग माती ठीक समजायची का? अजिबात नको. माझ्याकडेही तसाच होता. त्याच्या दोन धातूंमध्ये ओल्या मातीत जो बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो, त्यावर काटा हलतो. माती कोरडी असली की काटा जागचा हलत नाही, खत घातलं की भलतीकडे पळतो. आपल्या गोव्यातल्या डिचोली-फोंड्याकडची जांभ्याची तांबडी माती पावसानं धुऊन धुऊन आम्ल झालेली. तिथं ७ दिसलं तर आधी मीटरवरच संशय घ्यावा.

पेनसारखा डिजिटल मीटर बरा, पण तो सांभाळावा लागतो. ४ आणि ७ पीएचच्या बफर द्रावणात (ज्याचा पीएच ठरलेला असतो) त्याचं कॅलिब्रेशन करत, म्हणजे आकडा जुळवून घेत राहायचं. काचेचं टोक सुकू द्यायचं नाही, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्येही बुडवून ठेवायचं नाही (मी ठेवलं होतं, मीटर गेला!). त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण मिळतं. पेन थेट मातीत खुपसू नका. १० ग्रॅम सुकी, चाळलेली माती २५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून अर्ध्या तासानं मोजा. विहिरीचं पाणी वापरलंत तर त्याचाही पीएच त्यात मिसळतो.

लिटमस कागद नुसतं आम्ल की अल्कली एवढंच सांगतो. रंगपट्टीचा कागद स्वस्त आहे, पण तांबड्या गढूळ पाण्यात रंग ओळखणं म्हणजे अंदाजपंचेच. आधी गाळून घ्या.

आम्लपणा कमी करायला चुना टाकण्याआधी एकदा तरी नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या, आणि त्याच मातीवर आपला मीटर किती चुकतो ते पाहा.